माफीची तिसरी फेरी

टिंग!

दुपारच्या शांततेत एक टाचणी फरशीवर पडली आणि नवऱ्याचं शिलाई मशीन थांबलं.

"अगं, खालच्या बाळाच्या झबल्यात एखादी राहिली असली तर?"

झबलं सकाळीच पोचतं झालं होतं. "गालावर घासून तपासलं होतंस की!"

"डाव्या गालावर. माझा डावा गाल जरा निबर आहे."

बाळ झोपलं असेल, त्याच्या आईचे जागरणाने डोळे सुजलेत, सगळं सांगून पाहिलं. पण नवऱ्याच्या मनात ती टाचणी एव्हाना बाळाच्या पोटापाशी पोचली होती. चुंबक घेऊन तो जिना उतरला. मागे मी, माझ्यामागे लेक, अशी आमची वरात.

झोपलेल्या बाळावरून त्यानं चुंबक फिरवलं. चिकटलं काहीच नाही. बाळानं मात्र भोकाड पसरलं.

"माफ करा हं ताई."

"असू दे दादा, पण या आता," ती दबक्या आवाजात म्हणाली.

वर येऊन त्यानं जेमतेम एक बाही जोडली. "माझी माफी घाईची झाली गं. मनापासून वाटली नसणार." मी हो-नाही म्हणेपर्यंत तो खाली. बेल वाजली. नुकता डोळा लागलेलं बाळ पुन्हा उठलं.

"दादा! आता आलात तर याला तुमच्या मांडीवर टाकून मीच झोपेन!" हे मला वरपर्यंत ऐकू आलं.

तो परतला तेव्हा चेहरा एवढासा. "पुन्हा उठवलं मी त्याला. याची तरी माफी मागायला हवी ना?"

मला हसू येत होतं आणि त्याच्या कपाळावरचा घाम बघून कीवही येत होती. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. "नाही जायचं. वाईट वाटतंय ना? वाटू दे."

"म्हणजे निर्लज्जासारखा बसू?"

"बस. आणि काजं कर."

"बाबा, बाळ मोठं झालं की एकदमच माग," लेकीनं तोडगा काढला.

"तोवर राहील का लक्षात?" तो गंभीरपणे म्हणाला. पण बसला. चपला पायातच ठेवून.

खालचं रडणं हळूहळू थांबलं. त्याचे पाय काही थांबेनात. त्या चुळबुळत्या चपलांकडे बघत लेक माझ्या कुशीत सरकली.

"आई, सॉरी पुरेसं झालं हे कळतं कसं?"