मंगळवारचे पाच थेंब

‘मंगळवारी मी थेंब दिले, की नुसतीच खूण केली?’ या एका प्रश्नापायी या घरातल्या आईच्या डोळ्याला तीन रात्री डोळा लागला नाही. उत्तर मला ठाऊक आहे. पण बाटलीला कोण विचारतं?

हो, मी बाटलीच बोलतेय. अंगठ्याएवढी, तपकिरी काचेची, डोक्यावर रबरी बोंडाचा ड्रॉपर. माझं नाव सत्तेचाळीस. आम्ही तीनशे बहिणी एकाच दिवशी भरल्या गेलो. निम्म्या जणींच्या पोटात ‘अ’ जीवनसत्त्व, निम्म्या जणींच्या नुसतं तेल. कुणात काय, हे ना मला माहीत, ना आम्हाला घरोघरी वाटणाऱ्यांना. मुलांच्या आतड्याच्या अस्तरात म्हणे पहारेकरी असतात. पोटात विषाणू शिरला, तर या जीवनसत्त्वाने त्यांना बळ मिळतं का, हे डॉक्टरांना शोधायचंय. त्यासाठी मी साडेतीन वर्षांच्या खारूच्या घरी आले. रोज सकाळी माझे पाच थेंब तिला द्यायचे आणि सोबतच्या कार्डावर त्या दिवसाची खूण करायची. पुढचे दोन दात जरा मोठे, म्हणून खारू.

खारूची आई छापखान्याची मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका पकडणं हेच पोटापाण्याचं काम. म्हणून की काय, स्वतःच्या चुकीला ती फार भिते. खूण राहून जाईल या धास्तीने सकाळी आधी ती फ्रिजवरच्या कार्डावर खूण करते आणि मग मला उघडते. बाबा चिडवतात, “जेवायच्या आधीच ढेकर देतेस तू.”

त्या मंगळवारी खूण झाली, माझं झाकण अर्धं फिरलं आणि दूध उतू गेलं. शेगडी पुसेपर्यंत पाळणाघराची वेळ झाली. माझं झाकण घट्ट झालं, मी परत फळीवर.

शुक्रवारी खारूला उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ जुलाब. आई चमच्याचमच्याने साखर-मिठाचं पाणी पाजायची आणि मधूनच कार्डाकडे बघायची. वाटायचं, ओरडून सांगावं. पण काय सांगणार? नाही दिलेस, हे? की माझ्यात कदाचित नुसतं तेलच असेल, हे?

सोमवारी खारू उठून बसली आणि तिने बिस्कीट मागून घेतलं. तेवढ्यात त्या डॉक्टरांकडच्या सिस्टर आल्या. तपासणीसाठी शीचा नमुना आणि मला न्यायला. किती थेंब संपले ते बघायला त्यांनी मला इवल्याशा वजनकाट्यावर ठेवलं, कार्ड पाहिलं.

“वा, एकही दिवस चुकला नाही. तुमचं कार्ड दाखवायला ठेवलं पाहिजे.”

आईचा हात नमुन्याच्या डबीवरच थांबला. “ताई, मंगळवारचं धरू नका. मी खूण आधी करते. थेंब दिले की नाही, खरंच आठवत नाही.” मग अगदी बारीक आवाजात, “माझ्यामुळेच झालं का हे?”

“अहो, पाळणाघरातली सहा पोरं याच आठवड्यात आडवी झालीत. एका दिवसाच्या पाच थेंबांनी काय होतंय? पण बोललात ते बरं केलंत. पाच थेंबांचा फरक या काट्याला कळत नाही. तो तुमच्याकडूनच कळायचा.”

सिस्टरनी मंगळवारभोवती गोल काढला, शेजारी प्रश्नचिन्ह. आजवर आईने किती प्रश्नचिन्हं खोडली असतील. हे मात्र तिने राहू दिलं. आणि तिथेच जमिनीवर बसून डोळे पुसायला लागली.

माझी आता निघायची वेळ झाली. तळाशी दोन-चार थेंब उरलेत, कशाचे ते देव जाणे. जाता जाता एकच मागणं आहे. मला विसरलात, तर विसरलो म्हणा. बाटल्या रागावत नाहीत.

सिस्टरनी पिशवी उघडली, पण खारूने त्याआधीच मला उचललं आणि झाकणासकट आईच्या ओठांशी धरलं. आईची नजर अजून त्या कार्डावरच.

“तिकडे नको बघू,” खारू म्हणाली. “आधी आ कर. खूण मग.”