मुनजाचा डावा हात

"पाण्याची ॲलर्जी? मला?" दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मुनजा एवढ्या मोठ्यांदा म्हणाली, की खाली संत्री विकायला बसलेल्या बाईने मान वर केली. "उद्या हा डॉक्टर म्हणेल, माशालाही समुद्राचं वावडं आहे!"

मला हसू आलं नाही. मी तिच्या हाताकडे बघत होते. बोटं सुजून लालबुंद झालेली, बेचक्यांत बारीक पुरळ, मनगटापर्यंत चट्टे. बसमध्ये ती तो हात सीटच्या दांडीवर घासत बसायची, आणि कुणी पाहिलं की दांडी पुसत असल्याचं सोंग करायची.

मुनजा माझी सख्खी बहीण नव्हे, पण मी तिला ओन्नीच, म्हणजे ताईच, म्हणत आले. थोरली ती थोरली. जेजू बेटाच्या आमच्या किनाऱ्यावर नुसत्या छातीतल्या दमावर बुडी मारून शिंपले काढणाऱ्या आम्ही बाया, हेन्यो. त्यातही मुनजा पहिल्या फळीतली. पाण्यातून आल्यावर शेकोटीभोवती प्रत्येकीची जागा ठरलेली असते. जिथे धूर येत नाही ती जागा मुनजाची. दुसरी कुणी चुकून तिथे टेकली तर तिला ऊठ म्हणावं लागत नसे, मुनजाने नुसतं बघितलं की पुरे.

मी पहिल्यांदा खोल पाण्यात गेले तेव्हा पोरसवदा होते. सगळ्यांच्या जाळ्या भरलेल्या आणि माझ्या जाळीत निव्वळ शेवाळ. रडू दाबत बसले होते. मुनजाने आपल्या जाळीतला सगळ्यात मोठा अबालोन, तळहाताएवढा जाड शिंपला, उचलला आणि माझ्या जाळीत टाकला. "घे, पोरी," ती म्हणाली, "आज तुझा हात हलका दिसतोय." आमच्यात ही रीतच आहे. जिची जाळी रिकामी, मग ती नवखी असो की म्हातारी, तिच्या जाळीत जाणतीने वाटा टाकायचा. आणि मिळालेल्या वाट्याला नाही म्हणायचं नसतं. मुनजाने जन्मभर वाटे टाकले. घेतला मात्र एकदाही नाही, आणि ही गोष्ट ती सांगायलाही विसरायची नाही.

गेल्या वसंतात ती पाण्यात बेशुद्ध पडली. मीच तिला केसांना धरून वर काढलं. दुसऱ्याच दिवशी गावच्या मच्छीमार सोसायटीचा निरोप आला, आता समुद्रात उतरायचं नाही. ती अंगणात लसूण निवडत बसली. लसूण संपला तरी तिथेच बसून राहिली. मला ते बघवेना. तेवढ्यात शहरातल्या मत्स्यालयाने हेन्योंचा खेळ सुरू केला, आणि मी तिला ओढतच तिकडे नेलं, जोडीला मीही उतरू लागले. पाणी बेताचं खोल, काठावर जीवरक्षक उभा, काचेपलीकडे तोंड वासून बघणारी माणसं. गावातल्या बाया कुचेष्टा करायच्या, "निघाली बघा, बरणीतली लोणची!"

"बरणीत का होईना," मुनजा म्हणायची, "पाणी खारंच आहे."

आता तेही जाणार होतं. उपाय करण्यात मी काही कसर ठेवली नव्हती. कोरफड चोळली, दारू चोळली, आंबवलेल्या सोयाबीनचा लेप लावला. त्या लेपाच्या वासाने बसमधला शेजारी उठून मागच्या सीटवर गेला, हात मात्र जसाच्या तसा. शेवटी डॉक्टर झाला, आणि त्याने सांगितलं की खारं पाणी बंद. मत्स्यालयात खेळाचा कारभार बघणाऱ्या मून साहेबांच्या कानावर ते गेलंच.

"सामचुन," ते नरमाईने म्हणाले. आमच्याकडे कुणाही वडीलधाऱ्या माणसाला हीच हाक. "तब्येतीपुढे खेळ काय मोठा? आम्ही दुसऱ्या बाईंना बोलावतो."

"आणि मी काय करू?"

"आराम करा की."

"आराम मेल्यावर करीन," मुनजा म्हणाली आणि बाहेर येऊन जिन्यावर बसली. तिचं एवढंसं झालेलं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

आमचा खेळ चालायचा त्या मोठ्या टाकीची देखभाल दाबिनकडे होती. राजधानीतली, सोलची पोरगी. आल्या आल्या तिला आमची बोली कळत नव्हती, म्हणून आम्ही तिच्या तोंडावरच तिची टवाळी करायचो, आणि ती गोड हसून मान हलवायची. दिवसभर पाण्यात कोपरापर्यंत बुडून तिचेही हात मिठाने फुटलेले असत. ती मुनजाशेजारी उकिडवी बसली.

"सामचुन, दोन्ही हात दाखवा बघू."

मुनजाने नाखुशीने पुढे केले.

"उजवा तर छान आहे."

"उजवा शहाणा आहे. डावा पहिल्यापासून वाह्यात."

"पाणी दोन्ही हातांना सारखंच लागतं ना? मग पुरळ एकट्या डाव्यालाच कसं?" दाबिनने चिकटपट्टीचा तुकडा तोडला, मुनजाच्या बोटावर दाबला, अलगद ओढून काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. पट्टीवर कुसळं होती. पांढरी, काचेसारखी, डोळे बारीक केल्याशिवाय न दिसणारी. "टाकीतल्या खडकांच्या भेगांत एक केसाळ किडा राहतो. त्याला बोट लागलं की ही रुततात. पण तो बिचारा उजेडात येत नाही. त्याला भेटायला भेगेतच हात घालावा लागतो."

"मी? भेगेत हात?" मुनजा उसळली. "मला काय वेड लागलंय? त्या टाकीत काढण्यासारखं काही नाही, एवढं मला कळत नाही होय गं?"

दाबिनने वाद घातला नाही. दुपारच्या खेळाआधी मला मात्र बाजूला घेऊन म्हणाली, "आज तुम्ही पाण्यात उतरू नका. काचेपाशी उभ्या राहा."

एवढ्या वर्षांत मी मुनजाला समोरून बुडी मारताना कधी पाहिलंच नव्हतं. जोडीने बुडी मारताना डोळ्यांपुढे तिचे तळवे, नाहीतर तिची पाठ. जमिनीवर कमरेला हात लावून चालणारी बाई पाण्यात शिरली आणि सरळ झाली. पांढऱ्या सुती कपड्यांत, आमच्या आयांच्या काळातल्या, ती सावकाश खाली आली. मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "ती माझी ओन्नी."

उजव्या हातात शिंपले उपटायची लोखंडी पट्टी. चेहरा हसरा, मुलांकडे वळलेला. आणि डावा हात? तो आपल्या वाटेने निघाला होता. खडकाच्या मागे गेला, भेगेत कोपरापर्यंत शिरला, बोटं आत चाचपू लागली. गप्पा मारता मारता बाई शेंगा सोलते, तसं चाललं होतं. मुनजाला त्याचा पत्ताच नव्हता. ती वर गेली, दम घेऊन पुन्हा आली, पुन्हा मुलांकडे बघून हसली, आणि हात पुन्हा भेगेत.

मी आधी हसले. मग काचेला कपाळ टेकून रडले. अबालोन अंधारात बसतो, खडकाच्या पोटाखाली. तिथे डोळ्यांचं चालत नाही, डावा हातच बघतो. रिकाम्या हाताने वर यायचं नाही, हे आम्हाला आयांनी दुधाबरोबर पाजलेलं. ते हाताला शिकवायला जन्म गेला, आता विसर म्हणून कसं सांगायचं?

मून साहेबही शेजारी उभे होते. त्यांनीही पाहिलं. माणूस वाईट नाही, पण साहेबच. "खडकांना हात लावायचा नाही, हा नियम सगळ्यांना आहे," ते म्हणाले. "आतले जीव बिथरतात. रविवारचा खेळ बघू. दोन्ही हात मोकळ्यावर राहिले तर सामचुन राहतील. डावा पुन्हा आत गेला, तर माझा नाइलाज आहे."

मी मुनजाला सगळं सांगितलं. तिने भांडण केलं नाही, तेव्हाच मी घाबरले. दाबिन म्हणाली, साहेबांना विचारून हातमोजे देते.

"मोज्यांनी खाज थांबेल," मुनजा म्हणाली. "हात थांबेल का?" मग माझ्याकडे वळली. "खाजेचं काही नाही गं, बोक्सिल. समुद्राने याहून वाईट दिलंय. पण वर येते तेव्हा मूठ रिकामी असते ना, तेव्हा वाटतं मी हेन्यो नाहीच. हेन्योचं सोंग काढलेली कुणीतरी म्हातारी आहे."

मी सरळ दाबिनकडे गेले. मत्स्यालयातच वाढवलेले अबालोन तिच्याकडे वेगळ्या टाकीत होते.

"एक अबालोन दे," मी म्हटलं. "मधल्या सपाट दगडावर ठेव, भर उजेडात. हाताला काम असलं की हात उनाडत नाही."

"मून साहेबांना विचारावं लागेल. आणि मुनजा सामचुनना सांगायचं ना?"

"सांगून बघ! मला त्या अबालोनसकट टाकीबाहेर फेकेल." कारण हा वाटाच होता की. मी मुनजाला वाटा टाकत होते. मुनजाला! विचारानेच माझे कान तापले. पण लसूण संपल्यावरही अंगणात बसून राहिलेली ती मला आठवत होती.

मून साहेबांनी अबालोनला होकार दिला, पण भेगेची अट तीच. रविवारी गर्दी मरणाची. आम्ही दोघी उतरलो. आपापले तरंगते तुंबे पाण्यावर सोडले, त्यांना बांधलेल्या जाळ्या खाली लोंबकळत होत्या. मून साहेब काचेच्या अगदी पुढे, हाताची घडी घालून उभे. मुनजाने दम घेतला आणि गेली. मी मागोमाग.

खडक आला आणि डावा हात निघाला. माझ्या डोळ्यांदेखत तो भेगेकडे वळला, बोटं उघडली. पाण्यात हाक मारता येत नाही. मी मनात आईला, आमची देवी समुद्राच्या आजीला, सगळ्यांना हाका मारल्या.

हात थांबला.

मुनजाला दगड दिसला होता. उघड्या दगडावर, झगझगीत दिव्याखाली अबालोन बसलेला. जन्मात तिने असा मूर्ख अबालोन पाहिला नसणार. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. शेकोटीपाशी जागा चुकलेल्या बाईकडे बघायची, तस्संच. पाण्यात तोंड लपवायला आडोसा कुठला! माझं आता काही खरं नाही, हे मी ओळखलं.

पण ती दगडाशी गेली. अबालोनला चाहूल लागायच्या आत पट्टी त्याच्या कडेखाली घातली, एकच हिसका दिला, आणि तो डाव्या हातात. त्याच सुजलेल्या, चट्टे पडलेल्या हातात. तिने तो काचेपुढे उंच धरला. पोरं उड्या मारायला लागली. मून साहेबांची घडी कधी सुटली, त्यांनाही कळलं नसेल.

आम्ही बरोबरच वर आलो. मुनजाने दम सोडला, आणि बुडीनंतर हेन्योच्या तोंडून निघते ती लांब शीळ सगळ्या छताखाली घुमली. समुद्रावर ऐकू यायची तीच. काठावर दाबिन फुटलेल्या हातांनी डोळे पुसत होती आणि मीठ गेल्याने आणखी पुसत होती.

मुनजा पोहत आली, ती आपल्या तुंब्याकडे नाही. माझ्याकडे आली. माझी जाळी वर ओढली, तिचं तोंड फाकवलं आणि अबालोन आत सोडला.

"घे, पोरी," ती म्हणाली. "आज तुझा हात हलका दिसतोय."

मला पणतू झालाय. आणि सगळ्या शहरादेखत ही मला पोरी म्हणत होती. माझा वाटा मलाच परत, तोही तिच्या हातून! पण वाट्याला नाही म्हणायची रीत नाही. मी जाळीचं तोंड घट्ट बांधलं.

मुनजाने दोन्ही हात पाण्यावर पसरले, दोन्ही रिकामे. मोठा दम भरला, आणि पुन्हा खाली गेली.