आजाराचं नाव भूक

नागम्मा पुण्याहून डॉक्टर होऊन आली आणि तिनं सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात नोकरी मागितली. साल एकोणीसशे एकतीस. पंचमंडळाचे अध्यक्ष हिंदुराव यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "बाई, उद्या लेकरं झाली की रोगी कोण बघणार?"

"मोठ्या डॉक्टरांना सहा मुलं आहेत," नागम्मा म्हणाली. "त्यांचे रोगी कोण बघतं?"

"ते पुरुष आहेत."

"म्हणजे मुलं त्यांची नव्हेत?"

शेजारी बसलेल्या मोठ्या डॉक्टरांना एकदम खोकला आला.

तरी नोकरी मिळाली. पेठेतल्या बायका पुरुष डॉक्टरला जीभसुद्धा दाखवायला तयार नव्हत्या, म्हणून.

दीड वर्षानं नागम्माला मुलगी झाली. दोन महिन्यांनी ती कामावर परतली. नवरा शरणप्पा सुताचा व्यापारी, मनानं फार चांगला, पण चांगुलपणाला दूध फुटत नाही. सासू निंगव्वा मैंदर्गीची, कानडी मुलखातली, तोंडाची तिखट. "पोरगी मी संबाळते की," ती म्हणाली. "पर पाजू काय? ताक?" मग रोज सकाळी ती नातीला घेऊन दवाखान्याच्या ओसरीवर येऊन बसू लागली. नागम्मा मधूनच उठायची, आतल्या खोलीत पोरीला पाजायची आणि परत यायची.

महिनाभरात भिंतीवर नोटीस लागली. नोकरांनी आपली मुलं दवाखान्यात आणू नयेत.

दुसऱ्या दिवशी निंगव्वा नातीला घेऊन बायकांच्या रांगेत उभी राहिली. कंपाउंडर मायाप्पानं कागद पुढं ओढला. "आजार?"

"भूक."

"कवापासनं?"

"जल्मापासनं."

मायाप्पानं इमानदारीनं लिहून घेतलं. नागम्मानं रोगी तपासला आणि खाली औषध लिहिलं: आईचं दूध, दर तीन तासांनी.

आठवडाभरानं हिंदुराव ते कागद हातात घेऊन आले. "बाई, ही काय थट्टा मांडलीय?"

"आलेला रोगी परत पाठवायचा नाही, हा नियम तुमचाच."

"अहो, पण हा आजार बरा कधी होणार?"

"दात आले की उतार पडेल."

हिंदुराव काही बोलणार, तोच दारात बैलगाडी थांबली. बिरप्पा धनगर बायकोला, फुलाबाईला, घेऊन आला होता. दोन दिवस अडलेली. मूल पायाळू. नागम्मानं पोरगी सासूच्या मांडीवर टाकली आणि आत धावली.

दोन तास गेले. इकडं पोरगी भुकेनं टाहो फोडत होती. भिंतीपलीकडून तो आवाज नागम्माला ऐकू येत होता. तिची चोळी दुधानं भिजली, पण हात गुंतलेले. हिंदुरावांना घाम फुटला. "कुणीतरी काहीतरी करा," ते म्हणाले. स्वतः मात्र जागचे हलले नाहीत.

रांगेत गिरणीतली केराबाई होती, कडेवर तान्हं पोर घेऊन. डोळा आला म्हणून आली होती. तिनं आपलं पोर हिंदुरावांच्या मांडीवर ठेवलं आणि नागम्माच्या पोरीला पदराखाली घेतलं. निंगव्वा आयुष्यभर परजातीच्या हातचं पाणी न प्यालेली. ती आढ्याकडं बघत राहिली. पोरीचं रडं थांबलं, तशी हळूच म्हणाली, "दुसरीकडनं बी पाज की गं. एका अंगानं वाडंल."

फुलाबाईला मुलगा झाला. आधी निळा, मग रडका. नागम्मा बाहेर आली तेव्हा तिच्या मुलीचा डोळा लागला होता. तिनं केराबाईला पुढं बोलावलं आणि तिच्या डोळ्यात स्वतःच्या हातानं औषध घातलं.

नोटीस भिंतीवर तशीच राहिली. भुकेचे कागदही पोरगी वर्षाची होईपर्यंत चालू राहिले. पुढं मोठे डॉक्टर निवृत्त झाले. त्यांची जागा पंचांनी पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका पोरसवदा डॉक्टरला दिली. "बाईंवर घरची जबाबदारी आहे," असं हिंदुरावांनी सभेत सांगितलं. अवघड बाळंतपण आलं की हा नवा मोठा डॉक्टर नागम्मालाच हाक मारायचा. ती जायची. जागा मिळाली नाही म्हणून ती रुसून बसली असती आणि बाळंतीण मेली असती, तर ते समाधान काय कामाचं?

घरी आल्यावर ती पंचांना कानडीत शिव्या द्यायची. त्यातली एक चुकली, तर निंगव्वा ती दुरुस्त करून द्यायची.