बाईंच्या नावाचा तलाव

नव्या पोहण्याच्या तलावाला एका गाजलेल्या नटीचं, म्हणजे बाईंचं, नाव द्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या माझ्या मावशीने. ती तिथे पोहायला शिकवते, मी तिकीट खिडकीवर बसते.

नाव सुचायचं कारण उघड होतं. चाळीस वर्षांपूर्वी एका सिनेमासाठी बाईंनी आमच्या पुलावरून नदीत उडी मारली होती. निदान लोक तसं समजत होते. प्रत्यक्षात बाईंना पोहायला येतच नव्हतं. त्यांचे कपडे घालून, केसांचा टोप चढवून उडी मारली होती ती एकोणीस वर्षांच्या माझ्या मावशीने. घराबाहेर कुठे बोलणार नाही असा शब्द दिला, आणि पाळला.

"मग तुझं नाव नको का द्यायला?" मी चिडून म्हणाले.

"माझ्या नावाला कोण विचारतंय? बाईंचं वाचून चार पोरी तरी पाण्यात उतरतील."

उद्घाटनाला बाई आल्या. सत्तरी उलटलेली, हातात काठी. पाटीवरचा पडदा सरकला, टाळ्या झाल्या, बाई माइकसमोर उभ्या राहिल्या.

"नाव मोठं, लक्षण खोटं, तशी गत आहे माझी," त्या म्हणाल्या. "ती उडी माझी नव्हतीच. तिची होती."

काठी थेट मावशीकडे वळली. गळ्यात शिट्टी अडकवलेली मावशी कपडे बदलायच्या खोलीकडे सटकत होती. नगराध्यक्षांचा चेहरा पार उतरला.

मावशी तरातरा परत आली. "कशाला सांगितलंत? मी इतकी वर्षं तोंड शिवून बसले ना!"

"तू बसलीस गं, पण मला ते आतून खात होतं."

नगराध्यक्ष चाचरत म्हणाले, "पाटी बदलून घेऊ का?"

मावशीने जन्मात पहिल्यांदा माइक हातात घेतला. "नाव बाईंचंच राहील. फक्त एक अट आहे. ज्यांच्या नावाचा तलाव, त्यांना पोहता आलं पाहिजे."

लोक पोट धरून हसले. बाईही हसल्या. मावशी मात्र हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बायकांच्या वर्गात बाई कठडा घट्ट धरून उभ्या होत्या. दोनदा नाकातोंडात पाणी गेलं. "पाय सोडा! बाई, पाय सोडा म्हणते ना!" मावशी ओरडायची. एवढ्या मोठ्या बाईवर असं खेकसलेलं ऐकून मला खिडकीत घाम फुटायचा. बाई म्हणायच्या, "दिग्दर्शक परवडले!"

पण एकही दिवस चुकवला नाही त्यांनी. चौथ्या आठवड्यात त्या या काठापासून त्या काठापर्यंत पोहत गेल्या. धापा टाकत कठडा पकडला आणि मावशीच्या गळ्यात पडून लहान मुलीसारख्या रडल्या. मावशीही रडली, पण डोळ्यांत तलावातल्या औषधाचं पाणी गेलं म्हणाली.

आता दर उन्हाळ्यात बाई महिनाभर आमच्याकडेच राहतात. सध्या उताणं पोहणं चाललंय, आणि त्यावरून दोघी रोज भांडतात.