नंदीच्या पुठ्ठ्यावरचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना लाकडी नंदी आहे आणि मला शेपूट नाही. समोरून पाहाल तर शिंगे, वशिंड, गळ्याखालची पोळी, सगळे कसे रुबाबदार. मागून पाहाल तर करवतीने उडवलेला सपाट पुठ्ठा. नवीन मुले मला पाहिले की आधी हसतात. हसा बापडे, पण माझा पुठ्ठा कसा गेला ते ऐकून घ्या आणि मग काय ते ठरवा.

नवेगाव बांधच्या अलीकडे, जंगलाला लागून आमचे गाव. बकाराम हा गावाचा पाणकर. तलावाचे पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ सोडायचे, हे तो सांगे आणि त्याच्या शब्दावर कोणी दुसरा शब्द काढत नसे. घरी तीन भाऊ, तीन जावा, म्हातारी आई आणि पोरेबाळे मिळून एकोणीस माणसे एका चुलीवर जेवत. त्यांत बकारामची स्वतःची चार मुले. थोरला गोवर्धन लाकूड घडवायचा. त्याच्या पाठची सुलोचना रंग करायची. सारवलेली भिंत दिसली की तिची बोटे शिवशिवत. तिसरा दुधराम झडत्या रचायचा, म्हणजे पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की म्हणायची गाणी. त्याचे तोंड झोपेतच काय ते बंद राही. सगळ्यांत धाकटी सात वर्षांची नंदा. या तिघांनी केलेली प्रत्येक वस्तू आपल्यासाठीच आहे, अशी तिची पक्की समजूत होती.

चौघांचे गूळपीठ असे, की एकाने खोडी केली तर चौघेही गप्प बसत. बाबापर्यंत काही जाऊ द्यायचे नाही, हा त्यांचा कायदा. बकाराम मुलांना कधी मारत नसे. तो त्यांच्याशी बोलतही नसे, आणि खरी अडचण तीच होती. एकदा त्याने दुधरामची वही हातात घेतली, दोन पाने उलटली आणि 'रोवणा झाला का', म्हणजे धान लावून झाले का, एवढेच विचारले. तेव्हापासून पोरांची सगळी कला गोठ्यामागे गेली.

मी जन्मलो तोही गोठ्यामागेच, त्रेपन्न सालच्या पावसाळ्यात. तिथे धानाच्या तणसाखाली सागवनाचे एक खोड झाकून ठेवले होते. ते गावाचे होते. तलावाच्या पाळीतून, म्हणजे बांधातून, पाणी सोडायचे जे तोंड असते, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. त्यातला लाकडी खुंट कुजून पाणी वाया जात होते. नवा खुंट बसला नसता तर धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळी तलाव रिकामा झाला असता. मालगुजारी जाऊन दोनच वर्षे झाली होती. पूर्वी मालगुजाराला सांगितले की लाकूड मिळे, आता सरकारी कागद लागे. बकारामने अर्धे वर्ष हेलपाटे घालून ते खोड आणले होते आणि पोळा झाला की सुतार कामाला बसणार होता.

खुंटाला पाच हात लाकूड पुरे, हे सुताराचे बोलणे गोवर्धनने ऐकले होते. खोड होते सहा हात. उरलेले चुलीतच जाणार, असे त्याने मनाशी ठरवले. एका दुपारी घरची माणसे रोवण्यावर असताना त्याने आणि दुधरामने खोडाचे टोक हातभर कापले. ते टोक म्हणजे मी.

माझ्या एका सपाट टोकावर गोल शिक्का होता, हातोड्याने ठोकलेला, आत अक्षर आणि आकडा. जंगलातून कागदावर निघालेल्या लाकडाची ती खूण. पण गोवर्धनला वाटले, हा तर बैलाचा डाग! आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक बैलाच्या पुठ्ठ्यावर डाग असतो, मग या नंदीला देवाने आधीच दिला म्हणायचा. त्याने ते अंग मागे ठेवले, एक शेपूट कोरली आणि पुढून वाकस-पटाशी चालवली. सुलोचनाला मात्र तो डाग बघवेना. तिने चुन्यात धावड्याचा डिंक घोटला आणि मला तीनदा पांढरे केले. शिंगांना गेरू, डोळ्यांना काजळ. गोवर्धनने पायांखाली चाके बसवली. दुधरामने आई देवकाबाईच्या फाटक्या लुगड्याची झूल शिवली, नंदाने गुंजांची माळ ओवली. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मी फार देखणा होतो आणि मला ते ठाऊकही होते.

पोळ्याच्या चार दिवस आधी कोतवालाने गावात हाकारा दिला. जंगलात कोणीतरी सागवन चोरून तोडले आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, जंगलखात्याचा नाकेदार येऊन घरोघरचे लाकूड पाहणार. शिक्का नसेल ते लाकूड चोरीचे धरणार.

ते ऐकून गोवर्धनची पाचावर धारण बसली. तो धावत गोठ्यामागे आला, माझी झूल उचलली आणि चुन्याखालच्या त्या गोलावरून बोट फिरवत राहिला. बाकीचे तिघे जमले. सुलोचना म्हणाली, आताच बाबाला सांगून टाकू. गोवर्धन म्हणाला, पोळा होऊ दे. दुधरामला वाटले, नाकेदार नुसता कागद पाहून जाईल. चार दिवस हेच चालले. बाबा अंगणात खाकरला तरी चौघे दचकत. सुलोचना दोनदा ओसरीपर्यंत जाऊन परत आली. मला कोरलेले तोंड होते, पण ते काय कामाचे? बकारामची अब्रू माझ्या पुठ्ठ्यावर चुन्याखाली झाकलेली, आणि मी गुंजांची माळ घालून उभा!

तान्ह्या पोळ्याची दुपार झाली. मारुतीच्या पारासमोर मुले आपापले नंदी घेऊन रांगेत उभी राहिली. माझी दोरी नंदाच्या हातात होती. सगळे वाकून वाकून मला पाहत होते आणि पहिला नंबर माझाच, असे म्हणत होते. एवढ्यात सायकलवरून नाकेदार आला. बकारामने आपण होऊन ते खोड बैलांकडून ओढवून पारासमोर आणले. गावची वस्तू आहे, गावासमोर पाहा, असे तो म्हणाला. केवढ्या भरवशाने म्हणाला!

नाकेदाराने खोडाचे एक टोक पाहिले, मग दुसरे. फीत लावली, कागद वाचला. मग शांतपणे म्हणाला, "पाणकर, कागद सहा हाताचा आणि लाकूड पाच हात. शिक्का कुठंच नाही. हे ते लाकूड नव्हे."

"शिक्का होता जी. मी माह्या डोऱ्यानं पाहिलो," बकाराम म्हणाला. त्याने स्वतः खोडाला दोन फेऱ्या घातल्या. ताज्या कापावर हात ठेवला आणि तिथेच थांबला.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. चुन्नीलाल नावाच्या शेजाऱ्याने मोठ्याने विचारले, की मग खरे लाकूड कोणाच्या घरी गेले? गेल्या वर्षीच्या पाणीवाटपाचा राग त्याच्या पोटात होता. नाकेदाराने सांगितले की लाकूड जप्त होईल आणि पाणकराला त्याच्यासोबत कचेरीत यावे लागेल. बकारामने कोणाला दोष दिला नाही. धाकट्या भावाला जवळ बोलावले, संध्याकाळी पाण्याची पाळी कोणाची आहे ते सांगितले, आणि पायांत वहाणा घालू लागला.

गोवर्धन माझ्यापासून तीन हातांवर उभा होता. त्याची नजर माझ्या झुलीवर होती. दुधरामच्या तोंडाला कुलूप. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अरे बोला, कोणीतरी बोला! चौघांचा कायदा असा आडवा आला होता की ज्याच्या कानावर काही जाऊ नये म्हणून तो केला, तोच माणूस त्यात बुडत होता.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सुलोचना पुढे आली. सोळा वर्षांची, लग्नाची पोर, साऱ्या गावासमोर माझ्यापुढे खाली बसली. तिने झूल ओढून टाकली. पूजेच्या लोट्यातल्या पाण्यात पदर भिजवला आणि माझा पुठ्ठा घासू लागली. डिंकाचा रंग सहज निघत नव्हता, म्हणून तिने नखांनी खरवडला. सहा दिवसांचे तिचे काम तिच्याच मांडीवर पांढरे ओघळ होऊन गळत होते. हळूहळू गोल दिसला, मग अक्षर, मग आकडा.

"शिक्का इथी आहे, बाबा," ती म्हणाली. तिने मान वर केली नाही.

तेव्हा कुठे गोवर्धन पुढे आला. "मी कापलो. हिचा काही दोष नाही," तो म्हणाला. करवतीचे दुसरे टोक आपण धरले होते, असे दुधरामने सांगितले. नंदाला गुन्हा काय ते कळलेच नव्हते, पण तिघे उभे आहेत म्हणून तीही जाऊन उभी राहिली.

नाकेदाराने मला उचलून खोडाला लावले. आकडा जुळला, लांबी जुळली. तो माणूस वाईट नव्हता, पण कायद्याचा होता. खुंट पाण्यात बसेपर्यंत शिक्का लाकडासोबतच राहिला पाहिजे, तेव्हा शिक्क्याची चकती कापून खोडाला ठोका, असे त्याने सांगितले.

गोवर्धनने करवत आणली, पण मला धरून एकट्याने कापणे त्याला जमेना. बकाराम खाली बसला. त्याने मला दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरले आणि करवतीचे दुसरे टोक हातात घेतले. बापलेक कापू लागले. दोन-चार ओढी झाल्यावर तो फक्त गोवर्धनला ऐकू जाईल असे बोलला.

"इचारले असते त मी गावाले इचारून कापून देलो असतो. काऊन नाही इचारले?"

गोवर्धन म्हणाला, "तुमचा भेव वाटते, बाबा."

करवत थांबली. साऱ्या गावासमोर चोर ठरताना जो माणूस डगमगला नव्हता, त्याची पकड माझ्या अंगावर सैल झालेली मला कळली. त्याने एकेका पोराकडे पाहिले. "माहा भेव?" त्याने विचारले. तिघांनी माना खाली घातल्या. नंदाने मात्र खरे ते सांगायचे म्हणून होकाराची मान हलवली.

मग करवत पुन्हा चालू झाली. दुखले म्हणता? दुखले. शेपटीसकट पुठ्ठा गेला. मिरवणुकीत मी सगळ्यांच्या मागे चाललो आणि बक्षीस भलत्याच एका ढबुल्या नंदीला मिळाले, याचा राग मला आजही आहे.

पण त्याच दिवशी दिवेलागणीच्या आधी बकाराम पहिल्यांदा गोठ्यामागे आला. पालथ्या टोपलीवर बसला आणि दुधरामला म्हणाला, "सांग तुही झडती. मी बसून राहिलो." दुधराम अडखळला, घाम पुसला, दोनदा चुकला. बकाराम उठला नाही. शेवटी पोराने तिथेच रचून म्हटले:

बैल आमचा सागवनी, शेपूट नाही त्याले,
माशी बसली पाठीवर त सांगू आता कोनाले.

बकाराम हसला. पोरांनी त्याला असे हसताना पाहिले नव्हते, म्हणून हसावे की नाही हे त्यांना कळेना.

खुंट बसला, धान निसवले. या गोष्टीला आज सात वर्षे झाली. सुलोचना तिरोड्याकडे नांदते, गोवर्धन लोकांच्या घरांची दारे घडवतो, दुधराम दंडारीच्या खेळात गातो. नंदा मोठी झाली आणि मी माळ्यावर गेलो. माझे एक चाक हरवले आहे, गुंजा उंदरांनी नेल्या, आणि कानात कोळ्याने घर केले आहे. कोणी धूळ पुसली तर बरे वाटेल, नाही असे नाही.

पण मित्रांनो, धुळीचे मागणे मी फार रेटत नाही. तुमच्या घरात कोणी काही घडवत असेल, रंगवत असेल, रचत असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. आणि तुम्हीच ते करत असाल तर लाकडाला हात लावण्यापूर्वी एकदा विचारा. विचारल्यावर फार तर नाही म्हणतील. पण घरात भय बसले, की बाप वहाणा घालून निघाला तरी पोरांच्या तोंडून शब्द फुटत नाही. मी तिथेच उभा होतो, मी पाहिले आहे.