जानकूच्या जीपचा दुसरा गिअर

मला भुताखेतांची भीती न्हाई. पिंपरी पेंढारला तीस वर्षं गॅरेज चालवतोय, माणसं गेलेल्या गाड्याबी उघडल्यात. पण जानकूच्या जीपला बारा वर्षं हात लावला नव्हता. गॅरेजमागं बाभळीखाली पडून व्हती. भर दुपारी, वारा नसताना, तिचा क्लचचा पेडल करकरायचा. उंदीर असंल, म्हणायचो. उंदीर कशाचा राव, घाम फुटायचा मला!

चौऱ्याण्णव साली माळशेज उतरताना ब्रेक गेला आन् जीप नाल्यात गेली. जानकू गेला, शेजारी बसलेली गावातली साळुबाई गेली. गिअरचा दांडा बुडातून मोडला व्हता, कुठला गिअर व्हता ते वरनं कळंना. ट्रॅक्टरनं ओढताना मागली चाकं गरागरा फिरली, तवा मीच सगळ्यांम्होरं बोललो, "न्यूट्रल मारली व्हती ह्यानं. गिअरमधी असती तर इंजिननं धरली असती." डिझेल वाचवायला घाटात सगळेच न्यूट्रल मारायचे. कोण कशाला शंका घेतोय? जानकूच्या दहाव्याला कावळा शिवंना, तवा लोक म्हनाले, तोंड दाखवायला लाजत असंल.

त्याची बायको भागू. दर साली साळुबाईच्या तिथीला तिच्या घरी जायची आन् तिच्या लेकाला, सावळेरामाला म्हनायची, "आमच्या मालकाची चूक झाली." तो आत निघून जायचा.

दोन हजार सहाला पुण्याच्या एका हौशी मानसानं ती जीप घेतली. इंजिन-गिअरबॉक्स उतरवून सगळी नवी करून द्या, म्हनाला. काम काढलं त्या सकाळी भागू येऊन बसली. "शेवटचं बघते," म्हनाली.

बॉनेट काढलं, रेडिएटर काढला, पाइप सोडले. इंजिन साखळीला टांगलं. गिअरबॉक्सला जोडनारा एकूनएक बोल्ट काढला, तरी दोन्ही सुटंनात. आतून कुनी धरून बसल्यागत. माझं डोकं सटकलं.

"सोड की जानकू, लेका!"

तोंडातून निघून गेलं. भागूनं पदर तोंडाला लावला. मी पहार घातली, तवा कुठं खट्टकन सुटलं.

मधी क्लच प्लेट, इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देनारी. तिचा गाभा फाटून गिअरबॉक्सच्या शाफ्टावर राहिला व्हता, बाकीची चकती इंजिनाकडं. मी तिला बघताच ओळखलं. अपघाताच्या आठ दिस आधी मीच बसवली व्हती. जानकूनं नवी सांगितली व्हती, मी जुनीलाच रिबिटं मारून घातली. वर म्हनालो, काय व्हत न्हाई रं!

गिअरबॉक्सचं झाकन खोललं. दुसरा गिअर. टाकलेला, तसाच्या तसा. प्लेटच फाटल्यावर गिअर टाकून काय उपेग? चाकं मोकळी फिरनारच. माझ्यासारख्या मिस्त्रीला हे कळू नये?

प्लेट भंगारात फेकली असती तर भागूला काय कळनार व्हतं? तिच्यासाठी सगळं लोखंडच. हात उचललाबी. तेवढ्यात पेडल करकरला. त्याचा दांडा मी सकाळीच सोडला व्हता, खाली काय जोडलेलंच नव्हतं.

मी प्लेट भागूम्होरं नेऊन ठेवली.

"वहिनी, जानकूनं न्यूट्रल मारली नव्हती. गिअर व्हता. दुसरा. प्लेट फाटली, ती म्या घातलेली."

तिला पटकन उमगलं न्हाई. मग म्हनाली, "म्हंजी गाडी धरायला बघत व्हते ते?"

"व्हय."

"शेवटपत्तुर?"

"व्हय. मी आजच सावळेरामाला सांगतो. चारचौघांत सांगतो, वहिनी. मला काय बी म्हना तुमी."

ती जीपच्या रिकाम्या सीटकडं बघत राहिली.

"बारा वर्षं रोज दिवा लावताना मी त्यांना शिव्या घातल्या, निजामभाई. सावळेरामाला तुमी सांगाल. त्यांना कोन सांगनार?"