झाडाची कंपनी

चऱ्होलीच्या त्या शाळेत विजयश्रीबाई सीनियर केजीला शिकवायच्या, आणि दर एप्रिलअखेर शाळा त्यांना ब्रेक द्यायची. म्हणजे मे महिन्यात पगार नाही, आणि जूनमध्ये फाटकापाशी जाऊन उभं राहायचं, बोलावतात का बघत. यंदा मात्र शाळेचे मालक अर्जुनराव स्वतः म्हणाले होते, "मॅडम, पालकांच्या शनिवारी एक झकास धडा करून दाखवा. परमनंट करून टाकू." बोलायला काय जातंय म्हणा. पण बाईंच्या जिवात जीव आला.

अर्जुनराव चाकणच्या एका कंपनीतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. नोकरी सुटली, तरी कंपनी काही अंगातून उतरली नव्हती. व्हरांड्यात पोरांनी कुठून चालायचं याचेसुद्धा त्यांनी पिवळे पट्टे मारून घेतले होते. 'झाडाचे भाग' हा धडा ठरला तेव्हा सुचवलंही त्यांनीच, "मूळ, खोड, पान असलं कोरडं नको. पोरांचे बाप कंपनीत आहेत. कंपनीसारखं समजावा."

बाईंनी मनावर घेतलं. कुंडीत वांग्याचं रोप आणलं आणि पोरांना पढवलं. मूळ म्हणजे स्टोअर, माल तिथून निघतो. खोड म्हणजे लाइन, माल वर नेते. पान म्हणजे कँटीन, सगळ्यांचा स्वयंपाक तिथं, उन्हाच्या शेगडीवर. फूल म्हणजे रिसेप्शन, नटूनथटून बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या माश्यांना आत बोलवायचं. पोरांना हां हां म्हणता पाठ झालं. अर्जुनरावांनी तालीम पाहिली आणि ते भलतेच खूश झाले.

शनिवारी वर्ग पालकांनी भरला. काही जण नाइट शिफ्टवरून तसेच आलेले, गळ्यात कंपनीचं कार्ड. पोरं धडाधड सांगत होती. बाईंना वाटलं, जमलं बाई एकदाचं.

तेवढ्यात रोपाचं एक पिवळं पान गळून टेबलावर पडलं. झालं, अर्जुनरावांना राहवेना. त्यांनी पान उचललं आणि पुढं बसलेल्या आरफाला विचारलं, "हे का गं पडलं?"

हे काही पढवलेलं नव्हतं. पण आरफाचे अब्बा चाकणला कॉन्ट्रॅक्टवर कामाला, तिला त्यात काय अवघड. "त्याला ब्रेक दिला," ती म्हणाली.

"अन् मग?"

"मग दुसरं पान घेतात."

मागं कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळेच बाप हसले. आरफाचे अब्बा तेवढे खाली बघत राहिले. अर्जुनरावही हसले, पोरीला चॉकलेट दिलं. पालक गेल्यावर मात्र त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"टोमणे मारायचे तर पोरांच्या तोंडून कशाला, मॅडम?"

"सर, आई शप्पथ, मी नाही शिकवलं."

"झाडात कॉन्ट्रॅक्ट नसतं. सोमवारी दुरुस्त करा. आपल्याकडं शिक्षकांसाठीचं पुस्तक आहे ना, त्यात आहे तेवढंच सांगायचं. परमनंटचं जूनमध्ये बघू."

बाईंना रडू आलं, आणि रडू येतंय याचा संतापही आला.

सोमवारी अर्जुनराव दारात येऊन उभे राहिले. बाईंनी पुस्तक उघडलं आणि एक अक्षर इकडचं तिकडं न करता वाचलं, "पान झाडासाठी अन्न तयार करते. पान जुने झाले की झाड त्यातील उपयोगी द्रव्ये आत ओढून घेते. नंतर देठापाशी सांधा सुटतो व पान गळते."

आरफानं हात वर केला. "म्हणजे आधी सगळं काढून घेतात आणि मग ब्रेक देतात?"

बाईंनी दाराकडं पाहिलं. मग पुस्तकात पाहिलं.

"ब्रेक नाही म्हणायचं, आरफा," त्या म्हणाल्या. "पुस्तकात 'गळते' असं आहे."

"गळते," सगळी पोरं एका सुरात म्हणाली.

"आता कसं बरोबर झालं," अर्जुनराव म्हणाले, आणि पिवळ्या पट्ट्यांमधून नीट चालत केबिनकडं गेले.